साडूंचं विमान आणि आक्कांचा ठोकळा

आमच्या साडूंनी आयुष्यात एकही वस्तू तयार अवस्थेत विकत घेतलेली नाही, तेव्हा विमानाच्या बाबतीत ते अपवाद करतील अशी अपेक्षा ठेवणं हा आमचाच भाबडेपणा होता. भिंगारमधल्या त्यांच्या घरातला पंखा त्यांनी जोडलेला, कूलर त्यांनी जोडलेला, फाटक, पाण्याची मोटर, देव्हारा, इतकंच काय, दात घासायची पावडरसुद्धा त्यांनीच कुटलेली. मुलीच्या लग्नात मांडववाल्यानं एक खांब तिरका लावला, म्हणून मुहूर्ताच्या ऐन तोंडावर वधूपिता शिडीवर होता आणि मामा नवरीला घेऊन आले तरी तो वरून पान्हा मागत होता. साडूंचं म्हणणं असं, की दुकानातून आणलेली वस्तू बिघडली की माणूस दुकानाकडं बघतो आणि घरी केलेली बिघडली की स्वतःकडं बघतो. हे ऐकायला छान वाटतं. त्यांच्या कूलरसमोर एक उन्हाळा काढला की तितकंसं छान वाटत नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. नोकरी भिंगारलाच, लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये, साधे मुलकी कामगार म्हणून. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलून पुन्हा जोडल्या आणि निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्याच संध्याकाळी खोलून पाहिलं. निवृत्त माणसं सकाळी फिरायला जातात, हास्यक्लबात ठरल्या वेळी हसतात, पतसंस्थेच्या निवडणुकीला उभी राहतात. साडूंना यातलं काहीच जमलं नाही. एका रविवारी आम्ही नवरा-बायको सावेडीहून त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. शेंगोळ्यांचा बेत होता. साडूंनी ताटातलं शेवटचं शेंगोळं संपवलं, हात धुतले आणि पाऊसपाण्याचं बोलावं तशा आवाजात सांगितलं, "साडूभाऊ, विमान करतोय."

मी विचारलं, "गणपतीच्या आराशीला?"

"नाही. बसायचं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. विमानाचे सुटे भाग खोक्यांत भरून पाठवणारे कारखाने जगात आहेत. ॲल्युमिनियमचे पत्रे, फासळ्या, नळ्या, तारा आणि पिशव्या भरभरून रिव्हेट, म्हणजे पत्रे सांधायचे खिळे. जोडायचं आपण. जोडून झालं की तपासणी होते, परवानगी मिळते आणि ते खरोखर उडतं. आत दोन सीटं असतात, शेजारी-शेजारी. "दुसऱ्या सीटवर कोण?" माझ्या बायकोनं विचारलं. साडूंनी स्वयंपाकघराकडं हनुवटी केली. "ही." तिकडून भाकरीवरचा हात न थांबवता आक्कांचं उत्तर आलं, "मी न्हाई बसायची." म्हणजे खोकी यायच्या आधीच सगळं स्पष्ट होतं. विमान उडेल की नाही हा भिंगारचा प्रश्न होता आणि आक्का त्यात बसतील की नाही हा साडूंचा. पहिल्याची साडूंना कधीच काळजी वाटली नाही.

खोकी टेम्पोतून आली आणि पुढची खोली भरून उरली. सोफा मागच्या अंगणात गेला, टीव्ही स्वयंपाकघरात गेला आणि पाहुण्यांना मधल्या खोलीत धान्याच्या कोठीवर बसावं लागू लागलं. येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, "पण हे दारातून निघणार कसं?" साडू या प्रश्नाची वाटच पाहत असत. घर त्यांचं त्यांनीच बांधलेलं. पुढची भिंत पत्र्याची असून नटबोल्टवर उभी आहे, हे इतकी वर्षं त्या भिंतीला कॅलेंडर लावणाऱ्या आक्कांना तेव्हा कळलं. "कधी लागलं तर असावं," साडू म्हणाले. भिंत काढायची वेळ माणसावर कधी येते, हे आक्कांनी विचारलं नाही. त्यांना एव्हाना सवय झालेली होती.

लष्कराच्या छावणीशेजारी कोणी विमान जोडतंय ही बातमी छावणीत पोचायला कितीसा वेळ लागणार? एके दिवशी दारात जीप थांबली आणि एक तरुण अधिकारी उतरला. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि फटींना डोळे लावले. अधिकाऱ्यानं सगळे कागद पाहिले, सांगाड्याभोवती फेरी मारली, मग गुडघे टेकून शेपटीकडचा एक जोड निरखला आणि विचारलं, "ये होल पहले छोटा किया, फिर बडा?" साडू अटेन्शनमध्ये म्हणाले, "जी साहब, पहले छोटा." "सही है." चहा घेऊन तो गेला आणि महिन्याभरानं बायकोला विमान दाखवायला घेऊन आला. शेजाऱ्यांची मात्र निराशा झाली.

विमान घरी जोडणाऱ्या लोकांचा जगभर एक गोतावळा आहे आणि तो मोबाईलवर दिवसरात्र बोलत असतो. साडू इंग्रजी बोलताना अडतात पण लिहिताना अजिबात अडत नाहीत, कारण वर्कशॉपच्या पत्रव्यवहारानं त्यांना एक पक्का साचा दिलेला आहे. प्रत्येक प्रश्नाची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' आणि शेवट 'युवर्स फेथफुली'. ऑस्ट्रेलियातला एक मेंढपाळ, ब्राझीलमधला एक दातांचा डॉक्टर आणि कॅनडातल्या एक आजीबाई हे त्यांचे मुख्य सल्लागार. आजीबाई तिसरं विमान जोडत होत्या. त्यांनाही साडू 'रिस्पेक्टेड सर'च लिहीत, पण घरात उल्लेख 'कॅनडाच्या मावशी' असा होई आणि त्यांचा शब्द आक्कांपुढं कोर्टाच्या निकालासारखा ठेवला जाई. "कॅनडाच्या मावशी म्हणतात, उपाशीपोटी मापं घेऊ नयेत." की लगेच पोहे.

जगाचा सल्ला घेणाऱ्या माणसाला गावाचा सल्ला नाकारता येत नाही. साडूंचे एक मावसभाऊ कोपरगावला उसाच्या ट्रॉल्या बनवतात. ते आले, पंखावर अंगठा दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "दादा, पत्रा लई पातळ हाय. खालनं दोन लोखंडी चॅनल मारू. वीस वर्सं जागचं हलायचं न्हाई." साडू शांतपणे म्हणाले, "मला हलायलाच पाहिजे राव." भिंगारच्या बाजारातल्या गादीवाल्या चाचांनी सीटं शिवून दिली आणि मायेनं इतका कापूस भरला, की बसणाऱ्याचं डोकं वरच्या काचेला लागू लागलं. "आदमी आराम से बैठना चाहिए," चाचा म्हणाले. साडूंनी त्यांच्यासमोर मान डोलावली आणि ते गेल्यावर निम्मा कापूस काढून त्याची उशी केली.

कारण साडूंना तोवर वजनाचं वेड लागलेलं होतं. विमानात जाणारी प्रत्येक चीज काट्यावर चढल्याशिवाय आत जात नसे. रंगाचा एक हात द्यायचा की दोन, यावर कॅनडा आणि भिंगार यांच्यात आठवडाभर खल चालला. पाथर्डीहून सासूबाईंनी विमानाला बांधायला लिंबू-मिरची पाठवली. साडूंनी ती तोलली आणि त्यातली एक मिरची काढून ठेवली. शेजारच्यांचं तान्हं बाळ कौतुकानं मांडीवर घेतलं तरी ते दोनदा वरखाली करून म्हणायचे, "साडेचार. ठीक आहे." पुढं कॅनडाच्या मावशींनी कळवलं, की विमानातलं सगळ्यात सहज कमी होण्यासारखं वजन जोडणाऱ्याच्या पोटावर असतं. त्या दिवसापासून साडू अर्धी भाकरी खाऊ लागले. दोन्ही अर्ध्या खात, पण मध्ये जरा थांबून.

आता ठोकळ्याकडं येतो, कारण त्या विमानाचा खरा इतिहास ठोकळ्याचा आहे. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक जण पुढून रिव्हेटच्या डोक्यावर ठोकायची गन चालवतो. दुसऱ्यानं पत्र्याच्या मागं हात घालून लोखंडाचा एक गुळगुळीत ठोकळा रिव्हेटच्या बुडाशी घट्ट दाबून धरायचा. मार बसला की बूड ठोकळ्यावर चपटं होतं आणि दोन पत्रे कायमचे एक होतात. ठोकळा जरा कलला की रिव्हेट वाकतो. मग तो पोखरून काढायचा आणि नवा घालायचा. पुढच्या माणसाला नुसतं गोल डोकं दिसतं. खरं काय झालं ते मागच्यालाच कळतं. साडूंनी आधी मला मागं बसवलं. मी ठोकळा व्यवस्थित धरला होता असं माझं अजूनही मत आहे. एक ओळ झाल्यावर साडू मागं आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही भोकं घासा." पत्र्याला भोक पाडलं की त्याची कड धारदार राहते, ती हातानं घासून काढावी लागते. विमानाला किती भोकं असतात याची तुम्हाला कल्पना नाही. मला आहे, माझे पुष्कळ रविवार त्यात गेलेले आहेत.

माझ्यानंतर साडू एकट्यानंच प्रयत्न करत होते. एक हात पत्र्यापुढं, एक हात पत्र्यामागं, गाल पंखाला टेकलेला. आक्का उंबऱ्यात लसूण सोलत हे बघत होत्या. अखेर लसणाची पाटी बाजूला ठेवून त्या उठल्या, "आना हिकडं" म्हणाल्या आणि पत्र्यामागं जाऊन बसल्या. पहिलाच रिव्हेट असा बसला, की साडूंनी त्याचा फोटो काढून कॅनडाला पाठवला. भाकरी थापणाऱ्या हाताला दाब कळतो असं काहीतरी ते मला सांगायला लागले, तर पत्र्यामागून आवाज आला, "भाकरीचा काय संबंद? तुमी हलता, मी हलत न्हाई."

गनच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही आणि मध्ये पत्रा असल्यामुळं चेहरा दिसत नाही. तेव्हा कॅनडाच्या मावशींनी त्यांना या धंद्यातली जुनी खूण शिकवली. मागच्यानं ठोकळा पत्र्यावर वाजवायचा. एकदा ठक म्हणजे बसला. दोनदा ठक म्हणजे पुन्हा मार. तीनदा ठक म्हणजे वाया गेला, काढून टाक. थोड्याच दिवसांत ही भाषा पत्रा सोडून घरभर पसरली. साडूंनी "चहा होतोय का?" विचारलं की आतून पातेल्यावर उलथनं एकदा वाजे. जेवताना आमटी हवी असली की साडू वाटीवर दोनदा वाजवत. एका साखरपुड्यात त्यांनी पन्नास माणसांपुढं आपल्या वर्कशॉपमधला इंजिनाचा किस्सा सुरू केला आणि बायकांच्या पंगतीतून स्टीलच्या पेल्यावर ठक, ठक, ठक असा आवाज आला. साडू शब्दाच्या मध्येच खाली बसले. लोकांना वाटलं किस्सा एवढाच होता.

रागात रिव्हेट मारू नये, असाही मावशींचा एक नियम होता. रागावलेला हात जास्त दाबतो, म्हणे. साडूंनी तो नियम इतका मनावर घेतला, की भांडण झालं की काम बंद. आणि विमान पुरं व्हायचं तर काम सुरू व्हायला हवं, म्हणून भांडण मिटवणं आलं. पूर्वी या घरात अबोला सहज चार दिवस टिकायचा, तो आता जेमतेम दुपारच्या चहापर्यंत टिकू लागला. गल्लीतल्या लोकांना गनच्या आवाजावरून घरातली हवा कळू लागली. "आज लई शांत हाय," समोरच्या काकू काळजीनं म्हणत आणि भाजीची वाटी घेऊन चौकशीला येत.

सगळ्यात मोठी चूक झाली तीसुद्धा भांडण टाळण्यापायीच. विमानाच्या शेपटीला आडवे दोन तुकडे असतात, एक डावा आणि एक उजवा, एकमेकांचं आरशातलं रूप. डावा जोडताना टेबलावर त्याचं तोंड उत्तरेला होतं. उजव्याचं तोंड दक्षिणेला यायला हवं होतं. साडूंनी पत्रा मांडला आणि आक्कांनी हात आखडता घेतला. "दक्षिनंला तोंड करून कामाला सुरवात? यमाकडं? मी हात न्हाई लावायची." साडूंनी वाद घातला असता तर काम बंद पडलं असतं. त्यांनी मुकाट्यानं फासळ्या उचलल्या, तोंड उत्तरेला केलं आणि त्या दोघांनी मोठ्या एकोप्यानं, एकही रिव्हेट वाया न घालवता, दुसरा डावा तुकडा तयार केला. फोटो काढायला म्हणून दोन्ही तुकडे अंगणात शेजारी-शेजारी ठेवले तेव्हा ते उघडकीला आलं. साडू मटकन सोफ्यावर बसले. भोकं सगळी मी घासलेली होती, त्यामुळं मलाही थोडं दुःख झालं. आक्का मात्र ठाम होत्या. "डावं तर डावं. यमाकडं तरी न्हाई."

साडूंनी 'रिस्पेक्टेड सर' लिहून फोटो टाकला आणि जगभरातून सांत्वनाऐवजी अभिनंदन यायला लागलं. मेंढपाळानं आपला जादा डावा तुकडा गोठ्याच्या भिंतीवर टांगलेला दाखवला. दातांच्या डॉक्टरांनी त्याचं टेबल केलं होतं. मावशींनी लिहिलं, की तिसऱ्या विमानातसुद्धा मी हेच केलं. आणि संध्याकाळी एक फोन आला. "भिंगारचं विमान का? तुमच्याकडं डावं जादा झालंय असं कळलं. माझ्याकडं उजवं जादा हाय." हे कोल्हापूरचे एक निवृत्त वैमानिक. तेच किट, तीच चूक, फक्त त्यांचं टेबल दुसऱ्या भिंतीला. शेपट्यांची अदलाबदल एसटीच्या पार्सलनं झाली. "यात काय आहे?" पार्सलवाल्यानं विचारलं. "शेपटी," साडू म्हणाले. त्यानं पावती फाडली.

कोल्हापूरकरांशी जमलेली ही सोयरीक पुढं अशी उपयोगी पडेल हे साडूंना तेव्हा माहीत नव्हतं. विमान होत आलं तसे ते उडवायचा परवाना काढायच्या मागं लागले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली, परत लावली आणि सांगितलं, हृदयाचे ठोके मध्येच चुकतात, तुम्हाला उडवता येणार नाही. कोणाच्या शेजारी बसायला हरकत नाही. साडू घरी आले आणि स्क्रू मोजत बसले. कोल्हापूरकर म्हणाले, "काय टेन्शन घेऊ नका, मी येतो की उडवायला." पण उडवणारा आला म्हणजे एक सीट त्याचं. राहिलं एकच. नवरा-बायको शेजारी-शेजारी बसून उडतील, हे ज्या गणितावर सगळं उभं होतं ते तिथंच मोडलं. मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं. ते स्वतः इतकंच म्हणाले, "आधी मी बसतो, मग ती बसेल."

"मी न्हाई बसायची," आक्का म्हणाल्या. "माझ्याइतकं त्या इमानाला कोन वळखतं? डाव्या पंखाची खालची वळ. त्यातले सात-आठ मी दमले हुते म्हनून एकदा ठक केलं. नुसते बरे हुते."

"बरे म्हणजे?" साडूंचा रंग उडाला.

"बरे म्हंजी बरे."

साडूंनी ती आख्खी ओळ पोखरून काढली. एकेक रिव्हेट उन्हात धरून भिंगातून पाहिला. सगळे अगदी चोख निघाले. "मग असं का म्हणालीस?" "मला वाटलं तसं," आक्का म्हणाल्या आणि ओळ पुन्हा मारायला निमूट पत्र्यामागं जाऊन बसल्या. भीती त्यांना रिव्हेटची नव्हती, हे मला तेव्हा कळलं. माझ्या बायकोला त्या एकदा म्हणाल्या होत्या, "त्येंच्या छातीचं आसं हाय. वर गेल्यावर ठोका चुकला तर मी खाली ऱ्हाऊन काय करू?"

परवानगीचा भाग मी गाळतो. तो सांगायला माझ्यापेक्षा शांत स्वभावाचा माणूस लागेल. शेवटी दसऱ्यानंतरची एक सकाळ ठरली. जागा कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याची जुनी धावपट्टी. पुढारी यायचे असले की ती झाडतात, एरवी तिच्यावर मका वाळतो. भिंगारच्या घराची भिंत नटबोल्ट काढून उतरवली, सगळी गल्ली टाळ्या वाजवायला जमली आणि पंख वेगळे करून विमान निघालं ते मावसभावांच्या उसाच्या ट्रॉलीतून. ट्रॉलीला खालून दोन चॅनल मारलेले होते. धावपट्टीवरच्या बायकांनी मका गोळा करता करता विचारलं, "कुठलं इमान?" "भिंगारचं." "मग उडवा लवकर, ऊन वाया चाललं."

पहिली फेरी उडवणाऱ्यानं एकट्यानंच मारायची असा घरी विमान जोडणाऱ्यांचा कडक नियम आहे. कोल्हापूरकरांनी ती मारली. विमान उठलं, वळलं, सूर्याच्या बाजूला बारीक झालं आणि परत येऊन सरळ टेकलं. टाळ्या आम्ही वाजवल्या; साडूंचे हात खिशातच होते. कोल्हापूरकर खाली उतरले. देहानं ते भरदार. घाम पुसून म्हणाले, "गुणाचं आहे विमान. वारं सुटायच्या आत अजून एक फेरी होईल. एकाच माणसाला घेतो. चला दाजी."

साडू जागचे हलले नाहीत. आक्का शेपटीशी उभ्या राहून रिव्हेटच्या ओळीवरून अंगठा फिरवत होत्या. साडू तिकडं बघून म्हणाले, "तू बस."

"मी न्हाई म्हनलं हुतं."

"माहिताय."

"येवढी वर्सं तुमी ह्याच्यापायी..."

"अगं, मी वरची बाजू पाहिलीय नुसती," साडू म्हणाले. "आतली तुझी. वर गेल्यावर कुठं काय वाजतंय ते मला नाही कळायचं. तू ऐकून ये."

आक्कांनी ओळीवरचा अंगठा काढला. मग पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिली, पदर खोचला, चपला काढून धावपट्टीच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या आणि अनवाणीच विमानात चढल्या. साडूंनी त्यांचा पट्टा आवळला, वरची काच लावली आणि बाहेरून काहीतरी विचारलं. इंजिन चालू होतं, काहीच ऐकू येत नव्हतं. साडूंचा तळवा विमानाच्या अंगावर टेकलेला होता. आतून आक्कांनी बोटांच्या पेरांनी पत्र्यावर वाजवलं. मला ऐकू आलं नाही, पण साडूंनी हात काढून घेतला आणि मागं सरकले. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एकदाच वाजवलं."

विमान गेलं तसं साडूंनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते परत येईपर्यंत हातातच धरली. उतरल्यावर आक्का आधी चपला घालायला गेल्या. वारं तोवर सुटलेलं होतं. "आता नको," कोल्हापूरकर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात तुमचा नंबर, दाजी, पक्का."

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे पुन्हा गेलो तर कारखान्याचा बॉयलर पेटलेला आणि धावपट्टीच्या दोन्ही अंगांना ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या. पाचटाच्या कोप्या, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्या, उभ्या राहत होत्या, मधल्या डांबरावर बैल बांधलेले होते, पोरं पळत होती. कारखान्याचा माणूस साडूंना म्हणाला, "तासाभराचं काम आहे, एका बाजूच्या कोप्या तेवढ्या हलवायला सांगतो." साडूंनी पाहिलं. आक्का एका कोपीपुढं जाऊन बसल्या होत्या. त्या कोपीतली बाई पाथर्डीकडची, आक्कांच्या माहेरच्या शेजारच्या गावची निघाली होती. तीन दगडांची चूल नुकतीच पेटली होती आणि तिच्यावर आमच्यासाठी चहा ठेवलेला होता. "मांडलेली चूल हलवायची नाही," साडू म्हणाले. "हंगाम होऊ द्या." आम्ही चहा घेतला आणि परत आलो.

हंगाम झाला तेव्हा उन्हाळा आला. तापलेल्या हवेत विमान जड होतं, शिवाय मीही जड आहे, असं कोल्हापूरकरांनी प्रामाणिकपणे कळवलं. मग पावसाळा. पावसाळा सरला आणि कोल्हापूरकरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तोवर टोळ्या पुन्हा आल्या. आता यंदा दसऱ्यानंतर नक्की, असं ठरलेलं आहे. विमान कारखान्याच्या जुन्या शेडमध्ये उभं आहे. साडू रविवारी एसटीनं जातात आणि ते पुसून येतात. कधी मीही जातो. भाकरी अजून अर्धीच चालू आहे. दोन अर्ध्यांच्या मधलं थांबणं मात्र वाढलेलं आहे.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो होतो. भिंत पुन्हा जागेवर बसवलेली, सोफा आत आलेला, कॅलेंडर पूर्वीच्याच खिळ्याला. आक्का मेथी निवडत होत्या. साडूंनी चहाचा घोट घेतला आणि सहज सुचल्यासारखं विचारलं, "काय गं, वळताना काय दिसलं म्हणालीस?"

"गोदावरी दिसली," आक्का म्हणाल्या. "ऊस समदा सतरंजीवानी. कारखान्याची चिमनी, तिच्याकडं वरनं बघितलं तर नुसतं भोक. मका दिसली. मंग तुमी दिसला. येवढुसे. टोपी काढून हुबे हुते."

"मी हात केला होता."

"केला आसंल. मला टोपीच दिसली."

"आणि डाव्या पंखाची ती ओळ?"

"गप हुती. येक बी वाजला न्हाई."

हे मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. दर खेपेला गोदावरी थोडी रुंद होते. साडू डोळे मिटून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांनी कप खाली ठेवला, चमचा उचलला आणि बशीच्या कडेवर दोनदा वाजवलं. आक्कांनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि पुन्हा पहिल्यापासून, धावपट्टीवर चपला काढून ठेवल्या तिथून, सांगायला सुरुवात केली.